गरोदर मातेचे आरोग्य शिक्षण आणि वेदनाशमनाचे सोपे उपाय

ज्या घरात गरोदर स्त्री असते, त्या घरात सल्ल्यांना तोटा नसतो. सासू सांगते, शेजारीण सांगते, माहेरचे सांगतात आणि वाटेत भेटलेली बाईही थांबून चार गोष्टी सांगून जाते. यातील काही गोष्टी अनुभवाच्या असतात व खऱ्याही असतात. काही मात्र केवळ ऐकीव असतात. कोणती गोष्ट घ्यावी आणि कोणती सोडावी हे कळण्यासाठी जे ज्ञान लागते, त्यालाच आरोग्य शिक्षण म्हणतात. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत लिपिकाचे काम करणारे व कला शाखेची पदवी घेतलेले सामान्य नोकरदार आहोत. तरीही दोन बाळंतपणे अनुभवल्यामुळे आणि घरात घडलेल्या एका दुःखद प्रसंगामुळे या विषयाचा जो अभ्यास आमच्याकडून झाला, तो मंडळाच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक प्रसंग

प्रथम तो प्रसंग सांगतो. आमच्या नात्यातील एक वहिनी पहिलटकरीण होत्या. आठवा महिना चालू होता. दोन दिवसांपासून त्यांचे डोके दुखत होते, चेहरा सुजला होता आणि हातातील बांगड्या मनगटात रुतू लागल्या होत्या. आम्ही सर्व बायका त्यांना हसून म्हणालो, "बाळाआधी आईनेच बाळसे धरले की!" कोणी कपाळाला बाम लावला, कोणी सुंठीचा लेप दिला. "या दिवसांत दुखायचेच, सहन करावे लागते," असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. भावजींचा रोजंदारीचा धंदा असल्यामुळे एक दिवस बुडवून दवाखान्यात जाणे पुढे ढकलले जात होते. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब एकदाही तपासला नव्हता. तिसऱ्या रात्री वहिनींना झटके आले. इस्पितळात नेल्यावर त्या वाचल्या, परंतु बाळ वाचले नाही.

दोष कोणाचा, असा प्रश्न आम्ही पुष्कळदा स्वतःला विचारला. आमच्यापैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. सर्वांनी मायेनेच सांगितले होते. उणीव होती ती माहितीची. कोणते दुखणे घरी शमवायचे आणि कोणते दुखणे लगेच डॉक्टरांकडे न्यायचे, हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेखाचा गाभा हाच फरक आहे.

वेदना का होतात?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास गर्भारपणाचा काळ सुमारे २८० दिवसांचा म्हणजे ४० आठवड्यांचा असतो. या काळात स्त्रीच्या शरीरात फार मोठे बदल होतात. एरवी मुठीएवढे असणारे गर्भाशय शेवटी स्वतःच सुमारे एक किलो वजनाचे होते. शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक वाढते. एकूण वजन साधारणपणे १० ते १२ किलो वाढते. हे वजन पुढच्या बाजूस येत असल्याने तोल सांभाळण्यासाठी स्त्री नकळत मागे झुकून चालते व कमरेच्या स्नायूंवर ताण पडतो. त्याच वेळी शरीरातील काही संप्रेरके ओटीपोटाचे सांधे सैल करतात. बाळाला बाहेर येण्यास वाट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही तयारी आहे. परंतु त्यामुळे कंबर, मांड्या व जांघा दुखतात. संप्रेरकांमुळेच आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता व जळजळ होते. थोडक्यात, यातील बरीचशी दुखणी रोग नसून बदलाची खूण आहेत. ती पूर्णपणे नाहीशी होत नाहीत, पण पुष्कळ कमी करता येतात.

घरी करता येण्यासारखे उपाय

१) कंबरदुखी : हा सर्वांत सामान्य त्रास होय. आम्ही आठ-आठ तास काउंटरवर बसत असू तेव्हा संध्याकाळी उठताना कंबर धरून उठावे लागे. मग एका परिचारिकेने तीन गोष्टी शिकवल्या. कमरेच्या मागे छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवणे, पायाखाली लहान पाट घेणे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे. याखेरीज दोन्ही हात व गुडघे टेकून पाठ हळूहळू वर उचलणे व पुन्हा सपाट करणे, म्हणजे मार्जारासनासारखा व्यायाम, रोज आठ-दहा वेळा करावा. खालची वस्तू उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यांत वाकावे. भरलेली घागर वा बादली उचलूच नये. कमरेला कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक दहा-पंधरा मिनिटे द्यावा. पिशवी कापडात गुंडाळावी व आधी मनगटाला लावून पाहावी. पोटावर शेक घेऊ नये.

२) पायात गोळे येणे : रात्री पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. पोटरी हलक्या हाताने चोळावी व उठून थोडे चालावे. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम केल्यास फायदा होतो. मात्र एकाच पायाला सूज, लाली व सतत वेदना असेल तर तो गोळा समजू नये आणि तो पाय चोळूही नये. रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

३) पायांची सूज : संध्याकाळी पावलांवर थोडी सूज येणे सामान्य आहे. पाय उशीवर उंच ठेवून पडावे. डाव्या कुशीवर झोपावे. त्यामुळे पोटाच्या भाराने मुख्य रक्तवाहिनी दबत नाही व बाळाला रक्तपुरवठा चांगला होतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यास कमरेलाही आराम पडतो. अंथरुणातून एकदम ताठ उठू नये. प्रथम कुशीवर वळावे आणि हाताचा आधार घेऊन उठावे.

४) मळमळ : पहिल्या तीन महिन्यांत सकाळी उठण्यापूर्वी कोरडी भाकरी, खाकरा किंवा मूठभर चुरमुरे खावेत. थोड्या प्रमाणात आल्याचा तुकडा किंवा आल्याचे पाणी उपयोगी पडते. पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी होत असेल, तर घरी थांबू नये.

५) जळजळ व बद्धकोष्ठता : एका वेळी पोटभर न खाता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जेवल्याबरोबर आडवे होऊ नये. पालेभाज्या, सालीसकट डाळी, कोंड्यासकट पीठ, फळे व भरपूर पाणी घ्यावे. एरंडेल तेलासारखे जालीम रेचक स्वतःच्या मनाने घेऊ नये.

६) चालणे : डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज २० ते ३० मिनिटे मोकळ्या हवेत चालावे. "जोडीला कोणी नाही" ही अडचण असेल तर घरातील पुरुषाने जोडीला जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. झाडपाल्याचा काढा हेही औषधच असते व तेही गर्भापर्यंत पोहोचू शकते. तसेच दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेणे हेही धोक्याचे आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडावर व हृदयाच्या रक्तवाहिनीवर वाईट परिणाम होऊ शकतो. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोट चोळून "बाळ सरळ करणे" हा प्रकार तर कधीच करू नये.

आहार हाही वेदनाशमनाचा पाया

रक्त कमी असेल तर थकवा, धाप व अंगदुखी वाढते आणि बाळंतपणात होणारा रक्तस्राव शरीराला झेपत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दर दोघींपैकी एक!

आपल्याकडे अजूनही काही घरांत असे सांगतात की, कमी खा, नाहीतर बाळ मोठे होईल व बाळंतपण जड जाईल. हा समज घातक आहे. कमी खाल्ल्याने आई अशक्त होते व बाळ कमी वजनाचे जन्मते. गरोदरपणात रोज साधारण ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणापेक्षा एक भाकरी, वाटीभर उसळ व एखादे फळ जास्त. त्यासाठी बदाम-पिस्त्यांची गरज नाही. बाजरी, नाचणी, हरभरा, मटकी, मेथी, शेवग्याचा पाला, शेंगदाणे, गूळ आणि चालत असल्यास अंडी, मासे, मटण हे आपल्या ऐपतीतले अन्नच पुरेसे सकस आहे. घरात सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवण्याची सुनेची रीत निदान या नऊ महिन्यांत तरी मोडली पाहिजे.

सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे त्या किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळीने शौचास काळी होते. त्याला घाबरू नये. गोळीबरोबर लिंबू-पाणी घेतल्यास लोह अंगी लागते. चहाबरोबर घेतल्यास लागत नाही. कॅल्शियमची गोळी व लोहाची गोळी एकत्र घेऊ नयेत.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्या वस्त्यांत पुष्कळ भगिनी सकाळी दातांना मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचा परिणाम रक्तावाटे बाळापर्यंत जातो व बाळाचे वजन घटते. "कळा सोसण्यासाठी बळ येते" असे म्हणून ती लावली जाते, पण ते बळ नव्हे, व्यसन होय. गरोदर असल्याचे कळताच मिश्री, तंबाखू व दारू बंद झालीच पाहिजे.

प्रसूतीच्या कळा : भय आणि ज्ञान

आता मुख्य वेदनेकडे वळू. प्रसूतीची वेदना खरी असते. ती मनाचा खेळ नव्हे. परंतु मनाचा तिच्यावर परिणाम होतो हेही खरे आहे. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहून असा विचार मांडला की, भीतीमुळे शरीर ताठरते, ताठरल्यामुळे वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेमुळे पुन्हा भीती वाढते. पुढे फ्रान्समधील डॉ. फर्नांड लामाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत रशियात जाऊन तेथील पद्धत पाहिली आणि परतल्यावर श्वासोच्छ्वास, शिथिलीकरण व पूर्वशिक्षण यांवर आधारलेली पद्धत रुजवली. १९६५ साली मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी सिद्धान्त मांडला की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक दार असते आणि स्पर्श, दाब, चोळणे यांचे संदेश ते दार काही अंशी लोटू शकतात. ठेच लागल्यावर आपण आपोआप अंगठा दाबून धरतो, तसेच हे आहे.

यातून व्यवहारात उपयोगी पडतील अशा गोष्टी पुढीलप्रमाणे :

कळ सतत नसते. ती लाटेसारखी चढते, शिखराला जाते व ओसरते. साधारण मिनिटभराची कळ गेली की मध्ये विश्रांती मिळते. पुढच्या कळेची धास्ती न घेता ती विश्रांती घेणे हे पहिले कौशल्य होय.

कळ सुरू होताच नाकाने सावकाश श्वास घ्यावा व तोंडाने त्याहून सावकाश सोडावा. सोडताना जबडा, खांदे व मुठी सैल कराव्यात. याचा सराव सातव्या महिन्यापासून रोज दहा मिनिटे केला तर ऐनवेळी आठवतो. पूर्वी न केलेली गोष्ट वेदनेत सुचत नाही.

सुरुवातीच्या काळात पाठीवर उताणे पडून राहण्याऐवजी चालावे, भिंतीला हात टेकून उभे राहावे किंवा कुशीवर झोपावे. जोडीदार स्त्रीने तळहाताच्या टाचेने कमरेच्या खालच्या भागावर घट्ट दाब द्यावा. कमरेला कोमट शेक, कपाळाला ओला रुमाल व घोट-घोट पाणी, हेही दिलासा देतात.

जवळ विश्वासाचे माणूस असावे. ओळखीची स्त्री सतत सोबत असली तर वेदनाशामकांची गरज कमी पडते आणि प्रसूतीचा काळही काहीसा कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली. नाव नोंदवतानाच याविषयी विचारावे. आमच्या पहिल्या वेळी कोणी जवळ नव्हते व ओरडल्याबद्दल बोलणी खावी लागली. दुसऱ्या वेळी आमची आत्या हात धरून बसली होती. कळा तशाच होत्या, पण आम्ही तशाच नव्हतो.

गर्भाशयाचे तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडण्यापूर्वी जोर करू नये. घरी कोणाकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन कदापि घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटण्याचा व बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

एवढे करूनही वेदना असह्य झाली, तर डॉक्टरांकडून वेदनाशामक घेण्यात किंवा गरजेनुसार शस्त्रक्रिया करून घेण्यात पराभव कसला? सोसणे हा स्त्रीचा अलंकार आहे, असे सांगणाऱ्यांनी आजवर पुष्कळ माता गमावल्या आहेत. नैसर्गिक उपाय आईच्या सुखासाठी आहेत, तिची परीक्षा घेण्यासाठी नाहीत.

ही दुखणी घरी ठेवू नयेत

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास बाम, लेप, काढा यांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे :

१) योनिमार्गे रक्त जाणे.
२) तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात सुजणे, बरगडीखाली दुखणे.
३) झटके येणे किंवा शुद्ध हरपणे.
४) बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे.
५) पाणी जाणे.
६) ताप, थंडी, लघवीला तीव्र जळजळ.
७) न थांबणारी पोटदुखी, अथवा दिवस भरण्यापूर्वी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा.
८) धाप लागणे, छातीत दुखणे.

दुसऱ्या क्रमांकाची लक्षणे आमच्या वहिनींची होती. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने उतरू लागली, की हा आजार असल्याचे कळते. रक्तदाब तपासायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आम्हाला मिळाली नाहीत, असे नव्हे. आम्ही ती काढली नाहीत.

आपला हक्क

१९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि आईला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला व २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. आम्ही नोकरदार त्या रजेचा लाभ घेतो. परंतु धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या भगिनीला रजा कोण देणार? म्हणून तिच्यासाठी निदान असलेल्या योजना तरी तिच्यापर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, आहार व वाहन मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तज्ज्ञांकडून तपासणी करण्याची योजना सुरू झाली. संकटसमयी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. नऊ महिन्यांत किमान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ साली आठ भेटी सुचवल्या आहेत.

२०१८-२० च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, तर देशात ९७. बँकेच्या खातेवहीत ३३ ही किरकोळ रक्कम वाटेल. परंतु येथे प्रत्येक एककामागे एक पोरके घर आहे.

मनन करण्यासाठी प्रश्न

विद्यार्थी मित्रांनी घरी जाऊन पुढील प्रश्नांची उत्तरे वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचावीत :

१) पायांवर संध्याकाळी येणारी सूज व चेहऱ्यावरील सूज यांत फरक काय?
२) लोहाची गोळी चहाबरोबर का घेऊ नये?
३) आपल्या घरापासून प्रसूतीची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? रात्री तेथे कसे पोहोचाल?
४) आपल्या गल्लीत आज गरोदर असलेल्या भगिनी किती? त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. ते दार ठोठावूनच मिळेल. आमच्या वहिनींच्या दारावर त्या दोन दिवसांत आम्ही पाच-सहा जणी येऊन गेलो, पण "रक्तदाब कधी तपासला?" हा एक प्रश्न कोणीच विचारला नाही. हा लेख वाचून एखाद्या वाचकाने तो प्रश्न वेळेवर विचारला, तर आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.